आर्येचा पुढचा पाय

बारामतीत राहून मराठी शिकवणाऱ्या माणसाला मोरोपंत चुकत नाहीत. १७२९ साली पन्हाळ्याला जन्मलेला हा कवी बारामतीला आला, नाईकांच्या आश्रयाने राहिला आणि १७९४ साली इथेच गेला. त्याच्या आर्यांनी त्याचे नाव झाले आणि माझ्यासारख्या कित्येकांची पोटे भरली. म्हणून आमच्या कन्येने घरात आणलेल्या कुत्रीचे नाव ‘आर्या’ ठेवले तेव्हा माझा ऊर भरून आला. अकरावीला विज्ञान शाखेत असलेली ही पोर शेवटी आपल्या वळणावर गेली तर, असे मला वाटले. दोन दिवसांनी कळले की ते नाव कुठल्याशा परदेशी मालिकेतल्या, तलवार चालवणाऱ्या मुलीचे आहे. पण एकदा भरून आलेला ऊर असा एकदम रिकामा करणे बरे दिसत नाही, म्हणून मी गप्प राहिलो. गप्प राहण्याची ही सवय मला पुढे चांगलीच भोवली. तीच हकिगत सांगायची आहे.

आर्या पुण्याहून आली. वजन दोन किलो, रंग भाजक्या विटेसारखा, आणि केस इतके की त्यांच्या आत कुत्रा कुठून कुठपर्यंत आहे याचा अंदाजच लागू नये. विकणाऱ्याने ‘अस्सल टॉय पॉम’ असे सांगितले आणि कागद मागाहून पाठवतो म्हणाला. ते कागद अजून यायचे आहेत. किंमत मी इथे लिहीत नाही; आमच्या सासूबाई हा अंक वाचतात.

आमच्या लहानपणी ‘पॉमेरियन’ म्हणून जे पांढरे कुत्रे घरोघर असायचे ते हे नव्हे. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ आला, त्यातल्या टफीने सगळ्या मध्यमवर्गाला वेड लावले आणि तसलीच कुत्री गल्लोगल्ली दिसू लागली. ती खरे तर इंडियन स्पिट्झ, आपल्या हवेला सरावलेली. खऱ्या पॉमेरियनचे पूर्वज बाल्टिक समुद्राकाठच्या पोमेरेनिया प्रांतातले, चांगले दणकट आणि मोठे कुत्रे. १८८८ साली व्हिक्टोरिया राणीने फ्लॉरेन्सहून लहान चणीचा एक पॉम आणला आणि मग छोट्यात छोटा पॉम पैदा करण्याची हौस तिच्या राज्यात बोकाळली. अमेरिकेतले लोक त्याची गणना आज ‘टॉय’ म्हणजे खेळण्यातल्या कुत्र्यांत करतात; युरोपातली जागतिक संघटना मात्र त्याला अजून आपल्या स्पिट्झ भाऊबंदांतच बसवते. एकूण काय, आमची आर्या म्हणजे ओढ्याकाठचा वड कुंडीत लावावा तसा प्रकार.

हे सगळे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते ते एवढेच की गेल्या दिवाळीला आबा येणार आहेत आणि त्यांना हे प्रकरण दाखवायचे आहे.

आबा म्हणजे माझे वडील. इंदापूर तालुक्यात नीरेच्या बाजूला आमचे गाव आहे. आयुष्यभर त्यांनी खिल्लार बैल पाळले. पंढरपूरच्या कार्तिकीला जनावरांच्या बाजारात जायचे तर आजूबाजूचे चार जण त्यांना गाडीत घालून नेत. बैल निवडायचा तर आबांच्या नजरेखालून गेला पाहिजे. बैल पाहताना ते शिंगे आणि रंग शेवटी बघत. आधी समोर उकिडवे बसायचे आणि नुसते पुढच्या दोन पायांच्या मधून पाहत राहायचे. मग बाजूला होऊन फऱ्यावर तळहात ठेवायचे आणि धन्याला सांगायचे, “चालव त्येला.” लहानपणी मला वाटे, म्हातारा हाताने बैलाचे मन वाचतो. तो काय वाचीत होता हे कळायला मला पंचेचाळीस वर्षे आणि एक दोन किलोची कुत्री लागली.

आबा धनत्रयोदशीला आले. आर्येला पाहून पहिल्यांदा हसले. “ह्यो काय कुत्रा म्हनायचा का कापसाचं बोंड?” म्हणाले. पण सवय जाते कुठे! चहा झाल्यावर ते फरशीवर उकिडवे बसले, आर्येला समोर उभी केली, केस बाजूला सारून दोन बोटे तिच्या फऱ्यावर ठेवली आणि पोरीला म्हणाले, “चालव गं हिला.” आर्या टक् टक् करीत, पुढचे पाय चिमणीसारखे टाकीत सोप्याच्या टोकापर्यंत गेली. आम्हाला तिची ती चाल फार नखरेल वाटायची. आबा म्हणाले, “हिचा फरा उबा हाय. वरचं हाडबी आखूड. पाऊल पुढं पडंना, म्हनून घाईघाईनं टाकती. नखरा न्हाई त्यो.” आणि मग मला उद्देशून, “अन् हिला बगलंत धरून उचलू नगंस. पुढचा पाय हाडानं जोडल्याला नसतोय, मांसानं टांगल्याला असतोय.”

मी ‘हो’ म्हटले. मुलीने मात्र वही काढली.

‘फरा’ हा शब्द माझ्या शहरी विद्यार्थ्यांना सांगावा लागतो. जनावराच्या पुढच्या पायाचा तो वरचा चपटा भाग. माणसाला खांदा, जनावराला फरा. परिभाषा कोशवाल्यांनी त्या हाडाला ‘अंसफलक’ म्हटले आहे, आणि तो शब्द उच्चारताना ज्याची जीभ अडखळली नाही असा मनुष्य मी अजून पाहिलेला नाही. खांद्यावर आपल्या भाषेने किती ओझे टाकले आहे पाहा! आपण खांद्याला खांदा लावतो, पालखीला खांदा देतो, माणूस गेला की त्यालाही खांदाच देतो. सरकारसुद्धा खांदेपालट करते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते, वर्षभर जू वाहिलेल्या बैलाच्या खांद्याला हळद-तेल लावून चोळतात. पण या सगळ्या शब्दांत माणसाचा खांदा आणि जनावराचा खांदा एकच धरला आहे, आणि तिथेच गफलत आहे.

माणसाचा हात धडाला हाडाने जोडलेला असतो तो एकाच ठिकाणी, गळ्याखालच्या आडव्या हाडाने. शाळेच्या पुस्तकात त्याला जत्रुक म्हणतात. हे हाड कुत्र्यात नावापुरतेच उरले आहे, एखादी कणी स्नायूंत रुतलेली असली तर असते. घोडा, बैल, मेंढी यांच्यातही ते कामाचे नाही. त्यांचे धड दोन फऱ्यांच्या मधोमध स्नायूंच्या झोळीत लोंबकळत असते. वजनाचा मोठा वाटा, कुत्र्यात शंभरातले साधारण साठ भाग, पुढच्या पायांवर, आणि त्या पायांना धडाशी हाडाचा सांधाच नाही! पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हा निसर्गाचा निष्काळजीपणा वाटला. पण उडी मारून खाली येताना ही झोळीच धक्का सोसते. फरा बरगड्यांवरून सरकतो, खांद्याचा आणि कोपराचा कोन मिटतो आणि हादरा मुरतो. कोन जिथे मुळातच उघडा, म्हणजे फरा उभा आणि त्याखालचे हाड आखूड, तिथे मुरायला जागा कमी. मग सगळा भार जातो खाली, काडीएवढ्या हाडांवर.

आता लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. मुलगी मैत्रिणीकडे रांगोळी काढायला गेली होती. जाताना आर्येला बैठकीच्या दिवाणावर बसवून, दारे-खिडक्या लावून, “बाबा, तिला बाहेर नेऊ नका, फटाक्यांना घाबरते,” असे बजावून गेली होती. पूजा आटोपली, सौभाग्यवती प्रसाद वाटायला शेजारी गेली. मी गॅलरीत उभा राहिलो. सगळी आळी पणत्यांनी उजळली होती. आणि मला बुद्धी झाली की या मुक्या जिवालाही दिवाळी दाखवावी. मी तिला उचलले, बगलेत हात घालूनच उचलले, आणि छातीशी धरून गॅलरीत आणले.

खाली कुठल्या तरी पोराने सुतळी बॉम्ब लावला. आवाजासरशी आर्या माझ्या हातांतून नुसती निसटली. चार-साडेचार फुटांवरून ती फरशीवर पुढच्या पायांवर पडली. कळ अशी उमटली की खालच्या पोरांनीही वर पाहिले. उजवा पाय पंजाच्या वर वेडावाकडा लोंबत होता.

मी तिला आत आणून दिवाणाजवळ ठेवले. मुलगी धावत आली, “काय झालं, बाबा?” म्हणाली. आणि मी, वीस वर्षे शब्दांचा धंदा केलेला मनुष्य, एका वाक्यात मोकळा झालो. म्हणालो, “दिवाणावरून उडी मारली गं तिने.”

आबा आतल्या खोलीत कॉटवर बसले होते. तिथून गॅलरी सरळ दिसते. ते काही बोलले नाहीत.

बारामतीत क्ष-किरण चित्र निघाले, शस्त्रक्रिया पुण्याला झाली. डॉक्टर तरुण होते आणि त्यांना समजावून सांगण्याची आवड होती. म्हणाले, कोपराखालची रेडियस आणि अल्ना ही दोन्ही हाडे खालच्या तिसऱ्या भागात मोडली आहेत. लहान कुत्र्यांत हा नेहमीचा प्रकार. त्या जागी मांसाचे आवरण जवळजवळ नाही आणि लहान जातींत रक्तपुरवठाही तुटपुंजा, त्यामुळे नुसते प्लॅस्टर घातले तर हाड पुष्कळदा जुळतच नाही. म्हणून बारीक पट्टी आणि स्क्रू. त्या चित्रात ते हाड बॉलपेनच्या रिफिलीएवढे दिसत होते. “किती उंचीवरून पडली?” त्यांनी विचारले. मुलीने मोजून ठेवले होते. “अठरा इंच,” ती म्हणाली. डॉक्टरांनी लिहून घेतले. मी भिंतीवरचे कॅलेंडर पाहत होतो.

आर्येचे पुढचे दोन महिने एका बंदिस्त पिंजऱ्यात गेले. कॉलेजात मी वृत्ते शिकवीत होतो. आर्या वृत्ताचे चरण सारखे नसतात हे आपणांपैकी काहींना आठवत असेल. पहिल्या आणि तिसऱ्या चरणात बारा मात्रा, दुसऱ्यात अठरा आणि चौथ्यात पंधरा. (मोरोपंतांनी चौथ्यातही अठरा घालून पुष्कळदा गीतीच लिहिली आणि लोक तिलाच आर्या म्हणत राहिले, पण तो वेगळा वाद.) फळ्यावर मात्रा मोजताना एके दिवशी ‘चौथा चरण आखूड’ असे म्हणून गेलो आणि पुढे बोलवेना. विद्यार्थ्यांना वाटले सरांच्या घशाला त्रास होतोय. एकाने पाणी आणून दिले.

मुलगी वाचू लागली होती आणि रोज संध्याकाळी मलाही वाचून दाखवीत होती. ही शिक्षा ती मला नकळत देत होती. पॉमेरियनचा नमुना कसा असावा याचे नियम आहेत. फऱ्याचे हाड आणि त्याखालचे दंडाचे हाड सारख्या लांबीचे असावे, पुढचे पाय सरळ आणि समांतर असावेत, जमिनीपासून कोपरापर्यंत जितके अंतर तितकेच कोपरापासून फऱ्याच्या माथ्यापर्यंत असावे. तिने टेपने मोजून वहीत आकडे मांडले. पेकिंगीज नावाच्या चिनी राजवाड्यातल्या कुत्र्याचे पुढचे पाय बाकदारच हवेत, असे त्याचे नियम सांगतात. मिनिएचर पिन्शरने घोड्यासारखे पाय उचलून टाकले तर ते गुण समजतात. तेच पॉमने केले तर दोष. म्हणजे सौंदर्य हे पायात नसून परीक्षकाच्या तक्त्यात आहे! २००८ साली बीबीसीने अशा पैदाशीवर एक माहितीपट दाखवला, फार गहजब झाला, आणि पुढच्या वर्षी विलायतेच्या केनेल क्लबने कित्येक जातींचे नियम बदलले.

मला त्यातली एक गोष्ट विशेष आवडली. फरा पंचेचाळीस अंशांत तिरपा असावा, असे पिढ्यान् पिढ्या ग्रंथांत लिहिले जात होते. रेचेल पेज एलियट नावाच्या एका अमेरिकन बाईने हार्वर्डच्या संग्रहालयात कुत्र्यांना चालवून त्यांच्या हाडांची हलती क्ष-किरण चित्रे घेतली, आणि दिसले की चांगल्या चालणाऱ्या कुत्र्याचा फरा उभ्या रेषेपासून तिसेक अंशच कलतो. पुढे जर्मनीत येना विद्यापीठाच्या मार्टिन फिशर यांनी ३२ जातींचे ३२७ कुत्रे असेच तपासून २०११ साली पुस्तक काढले. पुढचा पाय फिरतो तो खाली खांद्याच्या सांध्यात नव्हे, फऱ्याच्या वरच्या कडेशी, असे त्यांना आढळले. आबा बैलाच्या फऱ्यावर अगदी वरच तळहात ठेवीत, हे मला तेव्हा आठवले. आबांनी काही ग्रंथ लिहिला नाही, ही मराठीची हानी म्हणा किंवा लाभ म्हणा.

दर रविवारी आबांचा फोन यायचा. “पाय कसा हाय?” विचारायचे. मी सांगायचो. मग थोडा वेळ थांबून, “अन् तुझं कसं हाय?” मी म्हणायचो, “ठीक आहे, आबा.”

पण ठीक नव्हते. आर्येला त्या दिवशी आपणच दिवाणावर बसवले, या विचाराने पोरगी आतून खंगत होती. आम्ही नको नको म्हणत असता तिने एका रविवारी सुताराला बोलावले आणि दिवाणाचे चारही पाय कापून घेतले. हा दिवाण गावाकडचा. आमच्या बांधावरच्या लिंबाचा. माझ्या आईने त्यावर बसून मला बाराखडी शिकवली. मी व्हरांड्यात खुर्चीवर बसून करवतीचा आवाज ऐकत होतो. एक पाय झाला, दुसरा झाला. चारही वेळा मी उठायचे ठरवले.

त्यातच शेजारच्या एका गृहस्थांनी प्रस्ताव आणला. त्यांच्याकडे नर पॉम होता, पिल्लांना गिऱ्हाईक तयार होते, निम्मे पैसे आपले. सौभाग्यवतीला ते पटले, कारण शस्त्रक्रियेचे बिल तिने पाहिले होते. मुलीने ठाम नकार दिला. म्हणाली, “जिचा पाय नुसत्या अठरा इंचांवरून मोडतो तिची हाडं ठिसूळ आहेत. तिची पिल्लं तशीच निघतील. मी लिहून देते.” आणि खरोखरच तिने वहीतले पान फाडून लिहून दिले. माझ्या एका वाक्यावर आता सुतारकाम झाले होते आणि वंशावळही ठरू लागली होती.

माघात आबा डोळे दाखवायला आले. दारात चपला काढल्या, बैठकीत पाहिले आणि उभेच राहिले.

“दिवानाचं पाय कुटं गेलं?”

मुलीने सांगितले.

आबा खाली वाकून कापलेल्या जागेवर हात फिरवू लागले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “दिवानानं काय केलं हुतं रं?”

मी सगळे सांगितले. गॅलरी, सुतळी बॉम्ब, बगलेत घातलेले हात. सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. सांगायला तीन मिनिटेसुद्धा लागली नसतील.

मुलगी रडली नाही. तिने वही आणली, आकडा शोधला, ‘१८ इंच’ खोडले. “नक्की किती?” म्हणाली. मी गॅलरीत जाऊन छातीशी हात धरून उभा राहिलो आणि तिने टेपने मोजले. चार फूट पाच इंच. तेवढे लिहून ती आत गेली आणि नंतर आठ दिवस माझ्याशी कामापुरते बोलली. आठ दिवस म्हणजे मी मोजलेले. कदाचित अजून चालू असेल.

तिने पुण्याच्या डॉक्टरांना खरी उंची कळवली. त्यांचे म्हणणे पडले की इतक्या वरून पडल्यावर दोन किलोच्या कुठल्याही कुत्र्याचा पाय मोडला असता, हाडे ठिसूळ म्हणायला आधार नाही. सौभाग्यवतीने लगेच शेजारच्या प्रस्तावाची आठवण काढली. मुलगी माझ्याकडे पाहू लागली, आणि मी आबांकडे. आबांनी आर्येला पुन्हा एकदा समोर उभी केली. पाय छान जुळला होता, लंगड जेमतेम कळत होती. “मोडल्याला पाय हिच्या पोटच्यास्नी जायचा न्हाई,” आबा म्हणाले. “पर उबा फरा जाईल. आसला खोंड आपुन बैल केला आसता, वळू ठेवला नसता.” त्यावर कोणी बोलले नाही. महिनाभराने आर्येचे ते ऑपरेशन झाले. यातले किती बरोबर आणि किती कठोर, यावर आमच्या घरात अजून दोन पक्ष आहेत. मी आबांच्या पक्षात आहे, पण त्या पक्षात मला फारशी किंमत नाही.

आषाढात तुकोबांची पालखी आली तेव्हा मुलगी म्हणाली, “बाबा, काटेवाडीला जाऊ.” माघानंतर तिने आपण होऊन मला कुठे चल म्हणण्याची ही पहिली वेळ. बारामतीहून इंदापूरच्या वाटेवर काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. धोतरांच्या पायघड्या पडल्या, पालखी उतरली आणि धनगरांनी कळप सोडला. शेकडो मेंढ्या गोल धावू लागल्या. धुळीत त्यांचे खूर दिसत नव्हते, पाठीला लागून वरखाली सरकणारे फरे तेवढे दिसत होते. कडेला धनगराचा एक उंच, हाडकुळा कुत्रा उभा होता. कळप वळला तसा तो निघाला, आणि चार ढांगांत पलीकडे पोहोचला.

“बघितलात?” ती म्हणाली. मला वाटले पालखी. ती कुत्र्याचा पुढचा पाय कुठे पडतो ते पाहत होती.

तिथून आम्ही बेलवाडीलाही गेलो, घोड्यांच्या रिंगणाला. झेंडेकऱ्याचा घोडा आधी सुटला आणि मागून मोकळा अश्व. मी हात जोडले होते. तिने कानाशी येऊन सांगितले, “यालाही जत्रुक नाही.”

कापलेले चार पाय सुताराने टाकून दिले नव्हते. ते गच्चीवरच्या पेटीत निघाले. आबा म्हणतात, लोखंडी पट्ट्या मारून पुन्हा बसवू, लिंबाचे लाकूड आहे, धरील. मुलगी नको म्हणते. आर्येला आता चढायला-उतरायला सोपे जाते. दिवाण तसाच जमिनीलगत आहे आणि त्यावरून उठताना माझे गुडघे वाजतात. यंदा लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गॅलरीचे दार बंद राहणार आहे आणि आर्या आबांच्या मांडीवर बसणार आहे, छातीखाली एक हात आणि मागे एक हात अशा रीतीने. मला तिला उचलायची बंदी आहे.